फास, फासकी आणि सावज

'सापळा' ह्या मराठी शब्दाने प्राणी पकडण्याचे साधनही सुचते आणि मांस गळून गेल्यावर उरलेली हाडेही. 'सावजा'ची कथा याहून विलक्षण आहे. त्याचे मूळ 'श्वापद', म्हणजे हिंस्र पशू. मराठीत येईपर्यंत ज्याच्यावर आपण नेम धरतो त्याचेच ते नाव झाले. 'फास' हा 'पाशा'चा वंशज, 'वाघूर' ही 'वागुरे'ची. 'शिकार' मात्र फारसीतून आली, आणि तिच्याबरोबर हाकारे, मचाण, बंदुका असा सगळा दरबारी सरंजाम आला. आम्ही दोघे वर्गात ग्रामीण साहित्य शिकवतो तेव्हा ही शिकार पुष्कळदा भेटते. फास फारसा भेटत नाही. तो गरिबाचा, आणि गरिबाचे हत्यार साहित्यात उशिराच येते.

बोलीतील शब्द जमवण्याच्या एका उपक्रमात राधानगरी तालुक्यातील एका वाडीवर आम्ही काही दिवस जात होतो. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी अंगणात सुतळीचा तुकडा आणि कारवीच्या काटक्या घेऊन आम्हांला फासकी म्हणजे काय ते दाखवले. लवचीक काठी जमिनीत रोवून वाकवायची, तिच्या टोकाला दोरी, दोरीला सरकगाठीचा फास. खाच पाडलेल्या खुंटीत अडकवलेली आडवी काडी ती वाकलेली काठी धरून ठेवते. धक्का लागताच काडी निसटते, काठी उसळते आणि फास आवळला जातो. सशासाठी फास जमिनीपासून चार बोटे वर. दोन्ही बाजूंना काट्याकुट्यांचे छोटेसे कुंपण, म्हणजे ससा आपल्याच वाटेने नीट मधोमध येतो. उंदरासाठी ह्याहून सोपे: तीन काड्यांवर तोललेला सपाट दगड आणि मधल्या काडीला दाणा. आम्हांला सर्वांत नवल वाटले ते बेतण्याचे. कोणता प्राणी मान किती उंचावर ठेवून चालतो, हे ठाऊक असल्याखेरीज फास लावताच येत नाही.

"पूर्वी वाखाची दोरी असायची, सर," ते म्हणाले. "डुकरानं हिसडा दिला की तुटायची. आता गाडीची क्लच वायर लावत्यात. ती वाघ आला तरी तुटत न्हाई."

आमच्या मते सगळा फरक इथे आहे. वाखाचा फास सशाच्या मापाचा होता. तारेला माप नाही. रानडुकरासाठी बांधाला लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, कमरेला तार रुतते आणि सुटण्याच्या धडपडीत ती आणखी आवळत जाते. असल्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत वारंवार येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' ह्या संज्ञेत फास लावणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. हा कायदा योग्यच आहे, ह्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण रात्रभर माळ्यावर बसून भात राखणाऱ्या माणसासमोर हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते, हेही खरे.

शिवाय इतिहास आहेच. दाजीपूरचे हे रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव जंगल. संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होई, आणि ती राजवैभवाची खूण मानली जाई. 1958 साली तेच रान गव्यांचे अभयारण्य झाले आणि 2012 साली राधानगरीचे नाव पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. दुसरीकडे, ज्यांच्या जातीच्या नावातच फास आहे त्या फासेपारध्यांच्या वाट्याला 1871 च्या कायद्याचा 'गुन्हेगार जमाती' हा शिक्का आला. शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानातील हजेरीची जाचक प्रथा बंद केली, फासेपारध्यांना कामे दिली. ब्रिटिशांचा तो कायदा मात्र रद्द व्हायला 1952 साल उजाडले. एकाच रानात एकाचा फास गुन्हा आणि दुसऱ्याचा चित्ता छंद, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले.

आमच्या उपक्रमात त्याच वाडीची एक विद्यार्थिनी होती. तिच्या वहीत भातशेतीचे शब्द भरभरून होते: तरवा, चिखलणी, मळणी, वैरण. शिकारीचा एकही नव्हता. आजोबांनी एवढे दाखवले, मग हे का लिहिले नाहीस, असे विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली.

"मॅडम, शब्द लिहिला की कुणी सांगितला तेबी लिहावं लागतंय. आजोबांचं नाव आलं म्हंजे?"

शब्दासोबत निवेदकाचे नाव, वय, गाव हा आमच्या तक्त्यातला रकाना. भाषाभ्यासाच्या शिस्तीत तो हवाच, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. तिच्या प्रश्नाला ती शिस्त पुरत नव्हती. वृद्धांनी स्वतः फासकी लावून किती वर्षे झाली, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. तिथून निघताना त्यांनी ती सुतळी सोडवून, गुंडाळून कनवटीला लावली आणि काटक्या चुलीपाशी टाकल्या.

पुढच्या आठवड्यात तिने वही परत आणून दिली. शेवटच्या पानावर एकोणीस शब्द वाढलेले होते, फासकीपासून सुरू होणारे, प्रत्येकाला अर्थ आणि वाक्यात उपयोग. निवेदकाच्या रकान्यात तिने सगळीकडे स्वतःचे नाव लिहिले होते. आम्ही तो रकाना तसाच ठेवला.