कल कोणाचा?

मराठीत वस्तूलाही कल असतो आणि मनालाही. आम्ही दोघे वर्गात आजवर मनाच्या कलाविषयीच बोलत आलो. वस्तूच्या कलाकडे आम्हांला वळविले ते आमच्या सरांच्या हातांनी.

निवृत्तीनंतर सरांना कंपवात जडला. पडद्यावर बोट सरकवून वाचणे जमेना, म्हणून आम्ही त्यांच्या फोनवर एक ॲप घातले. फोन किंचित कलवला की मजकूर आपोआप सरकावा, अशी त्याची रचना. कल्पना जुनीच आहे. जपानचे संशोधक जून रेकिमोतो यांनी १९९६ साली हातातले लहान यंत्र कलवून पडद्यावरची यादी किंवा नकाशा फिरविण्याची पद्धत मांडली. त्यांनी कलाला बटणाची जोड दिली होती. २००८ मध्ये ‘इन्स्टापेपर’ने कलाने सरकणारे पान आयफोनवरील वाचनात आणले.

सरांच्या हातात मात्र पान पळत सुटले. “अरे, मी ओळीवर पोचायच्या आत ओळच निघून जाते,” असे म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला. आयुष्यभर वाचत आलेल्या माणसाचे ते वाक्य आम्हांला झोप लागू देईना.

कारण शोधता उमगले ते असे. फोनमधला त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कल ओळखतो. पण हाताचा हिसका आणि खरा कल त्याला एकट्याने वेगळे करता येत नाहीत. लागोपाठच्या मापांची सरासरी काढली तर थरथर शमते, पण प्रतिसाद रेंगाळतो. म्हणून शून्याभोवती थोडी निश्चल जागा सोडावी लागते. शिवाय शून्य कोठे, हे वाचकाला ठरवू द्यावे लागते. त्या ॲपने टेबलावर आडवा पडलेला फोन हेच शून्य मानले होते. सर वाचत आरामखुर्चीत रेलून. त्यांची स्वस्थ बैठकच यंत्राच्या लेखी कललेली होती!

वेबच्या सुगम्यतेसाठी २०१८ साली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, काही अपवाद वगळता, हालचालीने होणारे काम साध्या बटणानेही व्हावे आणि हालचालीचा प्रतिसाद बंद करता यावा, असे म्हटले आहे. आम्ही तेच केले. आता पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात कोठेही बोट टेकले की सरांचे पान उलटते.

उत्तरपत्रिका तपासताना हल्ली आमचा हात थबकतो. एखाद्या विद्यार्थ्याचे वाचन ‘एकांगी’ ठरविताना आम्ही शून्य कोठे धरले होते? बहुधा आमच्याच टेबलावर.