लाल झग्यातले आजोबा

नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयापासून रस्ता चढाला लागतो. गाव हळूहळू खाली जातं आणि झाडीत कापोदिमोन्तेचा राजवाडा दिसतो. बुर्बोन राजा चार्ल्सनं १७३८ साली तो बांधायला घेतला. आईकडून वारशानं आलेला फार्नेसे घराण्याचा चित्रसंग्रह ठेवायला त्याला जागा हवी होती. बाकीची दालनं मी भराभर मागे टाकली. मला पाहायचा होता पोप तिसरा पॉल, तोही तिशियननं रंगवलेला.

१५४३ च्या चित्रात पोप बोडक्या डोक्यानं बसलाय. खांद्यांवर लाल मखमलीचा आखूड झगा, ज्याला इथं मोझेत्ता म्हणतात. जवळ गेलं की मखमलीची लव कुठे दबलीय, कुठे चमकतेय, तेही दिसतं. त्याखाली शुभ्र वस्त्र. लाल म्हणजे ख्रिस्ताचं आणि हुतात्म्यांचं रक्त, पांढरा म्हणजे निर्मळपणा. अर्थ सोपा, रंग मात्र महागडा. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि शंखांपासून काढलेला शाही जांभळा दुर्मीळ झाला. तेव्हा पोप दुसऱ्या पॉलनं १४६४ मध्ये कार्डिनलांसाठी केर्मेस किड्यांपासून बनणारा लाल रंग ठरवून दिला. धर्मासाठी रक्त सांडायची तयारी दाखवायची, ती अशा भारी कापडातून!

खरी गंमत १५४५-४६ च्या चित्रात आहे. इथं पोपच्या दोन्ही बाजूंना त्याचे सख्खे नातू. कॅथलिक पुरोहिताला लग्न वर्ज्य, हे क्षणभर बाजूला ठेवा. ओत्तावियो दरबारी वेशात कमरेतून वाकलाय. अलेस्सांद्रो कार्डिनलच्या लाल पोशाखात मागे उभा, हात आजोबांच्या खुर्चीवर. पाठीत वाकलेला म्हातारा ओत्तावियोकडे असा काही बघतोय की त्या मुजऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नसावा. चित्र अपुरंच राहिलं. पोपचा उजवा हात तिशियननं पुरा केलाच नाही. माझ्या मते धर्मवस्त्राची इतकी निर्भीड तपासणी त्या काळात दुसऱ्या कुणी केली नसेल. लाल रंग त्यागाचा, पण इथं तो घराण्याची मालमत्ता वाटतो.

अलेस्सांद्रोला तो लाल पोशाख चौदाव्या वर्षी मिळाला, १५३४ च्या डिसेंबरात. आजोबा पोप होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आपल्याशी जुळणारा धागा असा, की त्याच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबरात, याच पोपच्या आज्ञापत्रानं गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला होता.