घाटाखालचं आजारपण आणि न मिळणारी रजा

वडिलांच्या आजारपणामुळे पुण्यातली नोकरी सोडून मी बुलढाणा जिल्ह्यात, आमच्या घाटाखालच्या गावी राहायला आलो. अशा परतण्याला कुणी त्याग म्हणतं, कुणी वेडेपणा. मला दोन्ही शब्द मान्य नाहीत, कारण दोन्हींमुळे हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरापुरता होऊन बसतो. दीर्घ आजारी आई-वडिलांची देखभाल हे पूर्ण वेळेचं काम आहे, आणि ते करता यावं म्हणून नोकरी राखून रजा मिळण्याची सोय कायद्यानेच केली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर. घाटाखालच्या पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारट, आणि किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या. डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहावं लागतं. खेड्यातून तालुक्याला किंवा त्याहून मोठ्या गावाला जायचं, नंबर लागायची वाट पाहायची, संपल्यावर रक्तदाब उतरलेल्या माणसाला सावकाश घरी आणायचं, यात अख्खा दिवस जातो. उरलेल्या दिवशी पाणी मोजून द्यायचं, मीठ आणि फळं सांभाळायची, डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला जपायचं, अंगावर सूज दिसली तर लगेच हालचाल करायची. यातलं कोणतंही काम दर महिन्याला पैसे पाठवून होत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च भागतो. 2024च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमधून 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं आणि त्याच महिन्यात बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचंही उद्घाटन झालं. या गोष्टींचं मोल मी कमी लेखत नाही. पण योजना रुग्णालयातल्या उपचाराचे पैसे देते, रुग्णासोबत जाणारा माणूस देत नाही.

कायद्यानेही मुलांचं कर्तव्य पैशातच मोजलं आहे. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरण मुलांना महिना कमाल 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावू शकतं. मुलाबाळांच्या संगोपनासाठी मात्र वेळेची गरज सरकारने ओळखली: केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, महाराष्ट्र शासनाने 2018मध्ये 180 दिवसांची दिली. वृद्ध आई-वडिलांचं काय, तर 2025मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की वर्षाला मिळणारी 30 दिवसांची अर्जित रजा त्यासाठीही वापरता येते. म्हणजे स्वतंत्र काही नाही, हक्काची आहे तीच रजा. आठवड्याला तीन डायलिसिस धरले तर ती दहा आठवड्यांत संपते.

यावर पहिलं म्हणणं येतं की वडिलांनाच शहरात न्या, तिथे दवाखाने चांगले. शस्त्रक्रियेसारख्या वेळी हे अगदी बरोबर आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात मात्र रुग्णाला त्याचं शेत, ओटा, ओळखीची माणसं सोडायला लावणं हाही एक घावच असतो, आणि त्याबद्दल त्याचं मत विचारलं गेलं पाहिजे. शिवाय शहरात नेल्यानेही सोबतीचे ते तीन दिवस वाचत नाहीत. पगारी माणूस ठेवा, असंही सांगतात. मिळाला तर जरूर ठेवावा, पण औषधाची मात्रा बदलायची का, जिल्ह्याबाहेर हलवायचं का, हे निर्णय त्याच्यावर टाकता येत नाहीत. सगळ्यांत वजनदार आक्षेप मालकांचा आहे: एवढी रजा छोट्या उद्योगाला कशी परवडणार? म्हणूनच भार एकट्या मालकावर टाकू नये. जपानमध्ये कुटुंबातल्या आजारी माणसामागे 93 दिवसांची रजा मिळते आणि वेतनाचा 67 टक्के भाग रोजगार विम्यातून येतो. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजना कामगाराच्या स्वतःच्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम देतेच. तोच मार्ग देखभालीसाठी वाढवता येईल, आणि डॉक्टरांच्या दाखल्याची अट ठेवली की गैरवापराची भीतीही उरणार नाही.

या रजेचा कायदा झाला तर तो मुलगा-मुलगी दोघांसाठी आणि सासू-सासऱ्यांसाठीही असावा. आज हे काम बहुतेक घरांत सुनेच्या अंगावर पडतं आणि तिची मोलमजुरी बुडाली तरी कुणी ती मोजत नाही. सोयाबीन-कपाशीच्या रानात रोजाने जाणाऱ्या बाईला रजा हा प्रकारच नाही. तिला बुडालेल्या रोजाची भरपाई थेट भत्त्यातून मिळायला हवी. आमदार-खासदार मतं मागायला दारात येतील तेव्हा रस्त्याच्या आणि पाण्याच्या प्रश्नासोबत हाही विचारा: आजारी आई-वडिलांसाठी नोकरी न सोडता रजा कधी देणार?