३१ मेचे वाढदिवस

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयाची सभासद यादी काढा, १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसेल. शाळा जूनमध्ये उघडायची, आईवडिलांना मुलाची नेमकी जन्मतारीख सांगता यायची नाही, मग मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून टाकायचे. तीच तारीख पुढे नोकरीत, पेन्शनच्या कागदांवर आणि आधार कार्डावर चढली. एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये नेण्याचं काम माझ्याकडे होतं. चाचणीची पहिली यादी छापली, तर त्यात ही सगळी मंडळी ३१ मेला जन्मलेली.

ग्रंथपाल बाईंनी यादीवर बोट ठेवलं. "अहो, हे सगळे एक जूनवाले आहेत. एक दिवस कुठे गेला यांचा?"

दिवस साडेपाच तासांत गेला होता. आयात करणाऱ्या तयार प्रोग्रॅमनं प्रत्येक जन्मतारखेला मध्यरात्रीचे बारा ही वेळ चिकटवली आणि साठवताना ती भारतीय वेळेवरून जागतिक प्रमाणवेळेत नेली. १ जूनचे रात्रीचे बारा म्हणजे तिथे ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा. पुढच्या पायरीला वेळ कापली गेली आणि ३१ मे तेवढी उरली. चूक सगळ्याच तारखांना लागली होती, पण एखाद्याचा १७ ऑगस्ट १६ झाला तर ते कोणाच्या लक्षात येणार? जन्मतारखेला घड्याळ लागत नाही. त्या कॉलमचा प्रकार बदलून निव्वळ 'डेट' केला आणि आयात पुन्हा चालवली.

जुन्या प्रणालीत तर तारखा तारखा नव्हत्याच, नुसती अक्षरं होती. दिवस, महिना, वर्ष या क्रमानं टाइप केलेली. माणसाला वाचायला उत्तम, पण संगणक अक्षरं डावीकडून लावत जातो. त्यामुळे '०१/०८/२०१४' ही तारीख '०२/०१/१९९८'च्या आधी येते. 'सर्वांत जुनी थकबाकी दाखवा' म्हटलं की भलतीच नावं वर यायची, म्हणून बाई ती यादी हातानं करत. आयएसओ ८६०१ या १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानं वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठरवला, त्याचा मोठा फायदा इथेच आहे: तसं लिहिलेल्या तारखा अक्षरं म्हणून लावल्या तरी काळाच्या क्रमानं लागतात.

मधली काही वर्षं नोंदी एक्सेलमध्ये झाल्या होत्या आणि तो संगणक अमेरिकन पद्धतीवर होता. तिथे ०५/०४/२०१२ टाइप केलं की ५ एप्रिलची ४ मे होते. १३/०४/२०१२ मात्र तसाच राहतो, कारण तेरावा महिना नसतो. पडद्यावर फरक दिसतो, पण पाहणाऱ्याला माहीत हवा: एक्सेलनं तारीख म्हणून घेतलेल्या नोंदी चौकटीत उजवीकडे चिकटतात, न समजलेल्या डावीकडे. वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत की दिवस-महिना उलटला तरी त्या खऱ्याच वाटतात आणि अर्थ बदलतो. त्या कुठलाही प्रोग्रॅम आपणहून ओळखू शकत नाही.

इथे कामी आली दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला पुढचा दाखल क्रमांक मिळतो, त्यामुळे क्रमांक आणि तारीख बरोबरच पुढे सरकतात. नोंदी क्रमांकानं लावल्या. एप्रिलच्या पुस्तकांमध्ये एकच मेचं दिसलं की ती नोंद बाजूला. बाई मूळ वही उघडून शाईतली तारीख वाचून दाखवत, मी दुरुस्त करत जाई. या कामाला दुसरा उपाय नव्हता आणि मला तो शोधावासाही वाटला नाही.

दोन अंकी वर्षांचं दुखणं वेगळं. सभासदाच्या जन्मवर्षापुढे नुसतं '४२' लिहिलेलं. त्या वेळचं एक्सेल ते १९४२ वाचे. मायएसक्यूएल मात्र ०० ते ६९ हे अंक २००० च्या पुढचे धरतं, म्हणून तिथे तेच २०४२ होतं. आजोबा अजून जन्मायचे! शतक लिहूनच नोंदी आत घेतल्या.

सर्वांत जास्त विचार करायला लावला तो जुन्या पुस्तकांनी. मुखपृष्ठावर फक्त 'शके १८०१'. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणजे हे पुस्तक १८७९चं असेल किंवा १८८०चं. कॉलमला पूर्ण तारीख हवी म्हणून १ जानेवारी १८७९ टाकणं सोपं होतं, आणि तसं सुचवलंही गेलं. मी त्याला ठाम विरोध केला. शके १८०१ सुरू झालं गुढीपाडव्याला. त्या १ जानेवारीला शके १८०० चालू होतं. शिवाय ठाऊक नसलेला दिवस लिहिला की शंभर वर्षांनी कोणीतरी तो पुरावा म्हणून वापरणार. आम्ही तीन कॉलम केले: लवकरात लवकरचं वर्ष, उशिरात उशिराचं वर्ष आणि पुस्तकावर छापलंय ते अक्षरश: तसंच. रिकाम्या तारखांच्या जागी जुन्या प्रणालीनं सगळी शून्यं भरली होती, ती काढून जागा खरोखर रिकामी ठेवली.

दाखवणं मात्र वाचकाच्या सोयीनं. आत वर्ष-महिना-दिवस, सभासदाच्या कार्डावर '१ जून १९५८'. ब्राउझरला भाषा मराठी सांगितली की महिन्याची नावं आणि अंक देवनागरीत येतात, साठवलेल्या तारखेला हातही लावावा लागत नाही.

तुमच्या वाचनालयात, पतपेढीत किंवा शाळेत असं काम निघालं, तर नवा कॉलम जरूर करा, पण जुना पुसू नका. आणि मूळ वह्या रद्दीत देऊ नका.