पन्नास पत्रं

क्योटो ॲनिमेशनची २०१८ सालची 'व्हायोलेट एव्हरगार्डन' मी ज्यांना ज्यांना बघायला लावली, ते सगळे दहाव्या भागाला रडले. आजारी आई लेकीसाठी पन्नास पत्रं लिहून घेते, दर वाढदिवसाला एक. "मुद्दाम रडवतात हो!" असं काहीजण नंतर म्हणतात. असेलही. पण मला वाटतं, आपण नुसते त्या आईसाठी रडत नाही. युद्धात दोन्ही हात गमावलेली, फक्त हुकूम पाळणं माहीत असलेली व्हायोलेट.. धातूच्या बोटांनी आठवडाभर पत्रं टाइप करते, त्या चिमुरडीसमोर डोळ्यातून टिपूस काढत नाही. आणि ऑफिसात परतल्यावर ढसाढसा रडते. आपला बांध फुटतो तो तिथे. इतके दिवस तिने आवरलेलं असतं, म्हणून. तुम्हाला काय वाटतं?