सात दिवसांचा पाहुणा

यजमान होणे सोपे, पाहुणा होणे अवघड. हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. आणि तेही वर्गात नव्हे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर लोहारा तालुक्यातल्या एका गावी होते. मुलांची सोय शाळेत झाली. माझ्या दुखऱ्या कमरेची कीव येऊन गावकऱ्यांनी मला एका घरी उतरवले. मी मूळचा पुण्याचा. धाराशिवला नोकरी करून इतकी वर्षे झाली, तरी खेड्याशी माझी ओळख ग्रामीण कादंबऱ्या शिकवण्यापुरतीच!

पहिले दोन दिवस फजितीत गेले. 'पुरे' या शब्दाला त्या घरी अर्थच नव्हता. ताटावर हात आडवा धरला, की आजी त्या हातावरच ज्वारीची भाकरी ठेवीत. चहा नको म्हटले, तर सूनबाईंना वाटे, साखर कमी पडली. तिसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. पाव भाकरी मागायची, म्हणजे अर्धी मिळते!

दोन गोष्टी मात्र खुपत राहिल्या. सिमेंटच्या पक्क्या खोलीत मी एकटा, आणि घरची सारी माणसे थंडीत अंगणातल्या पत्र्याच्या शेडात. शिवाय आजींनी बजावलेले, "सर, दाराला कडी घालू नगा." आमची शहरी सवय! मी रोज गुपचूप कडी घालीत असे.

चौथ्या रात्री मी म्हणालो, "आजी, तुम्ही सगळे आत झोपा. मी शेडात झोपतो. फार संकोच वाटतो."

आजी हसल्या. "तुमच्यापायी न्हाई बाहीर. आमी कवाच आत झोपत न्हाई."

मग हळूहळू सारे कळले. 1993 साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव झोपले. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्याच्या गारव्याचे उन्हाळ्यात कौतुक, तेच निजलेल्या माणसांवर आले. लातूर-धाराशिव भागातली हजारो माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. हे त्यांतलेच एक. रस्ते आखीव, घरे मजबूत. पण आजींचा थोरला मुलगा जुन्या घरातून बाहेर आलाच नाही. दाराला आतून कडी होती.

"पत्रा पडला तर लागंल," आजी म्हणाल्या, "पर मानूस दाबून ठेवत न्हाई."

मला काही बोलता आले नाही. भूकंपावर मी वर्गात कितीदा बोललो होतो!

त्या रात्री मी कडी घातली नाही. पहाटे चारच्या सुमारास पावलांचा आवाज आला. आजी दाराशी आल्या, दार जरासे लोटून पाहिले, क्षणभर थांबल्या आणि परत गेल्या. आधीच्या तीन रात्री त्या बंद दाराशी किती वेळ उभ्या राहिल्या असतील, कोण जाणे.

मी जागा होतो. पण हाक मारली नाही. उरलेल्या रात्री दार नुसतेच लोटलेले ठेवले. पाहुण्याच्या हाती तेवढेच होते.