दोन कार्डे आणि एक टिचकी

२०२३ सालच्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन माझ्या भेटीला आला. वसईतील ज्या धर्मग्रामात मी पूर्वी सहायक धर्मगुरू होतो, तेथलेच हे कुटुंब. तरुण आता परदेशी नोकरी करतो. १९९० साली त्याचे वडील अपघातात गेले, तेव्हा तो जेमतेम चार महिन्यांचा होता. घरी वडिलांची लग्नातील छायाचित्रे आहेत. परंतु वडील चालत कसे, हसत कसे, हे त्याने कधीच पाहिलेले नव्हते.

"फादर, १९८९ च्या फेस्ताच्या मिरवणुकीत ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते," तो म्हणाला. "त्या फेस्ताची टेप तुम्ही कॉम्प्युटरवर घेतली होती, असं आई सांगते. मिळेल का पाहायला?"

"मिळेल की!" मी चटकन म्हणालो. कपाटातून ती तबकडी काढताना मनात थोडा अभिमानही डोकावून गेला, हे प्रांजळपणे सांगतो. या अभिमानाची कथा २००१ सालची आहे.

त्या वेळी धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदींसाठी नुकताच संगणक आला होता. कचेरीतल्याच एका लाकडी कपाटात व्हीएचएसच्या एकोणीस टेपा होत्या. कुवेतहून परतलेल्या एका गृहस्थाने आणलेल्या कॅमेऱ्यावर फेस्त, गुरुदीक्षा, शाळेचा रौप्यमहोत्सव असे बरेच काही टिपलेले होते. पावसाळ्यागणिक टेपांवर पांढरी बुरशी चढत होती. एका दानशूर कुटुंबाने त्या संगणकावर उतरवून घेण्यासाठी पैसे देऊ केले आणि त्या कामी लागणारे ग्राफिक्स कार्ड निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम करणारी, संगणकाच्या पोटात बसणारी एक पाटी. काही कार्डांना टीव्हीची केबल आणि व्हीसीआरची वायरही जोडता येत असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाला सोबत घेऊन मी दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि अखेर दोन नावांपाशी येऊन थांबलो. एक मॅट्रॉक्स कंपनीचे १९९९ सालचे 'मार्व्हल जी-४०० टीव्ही' आणि दुसरे एटीआय कंपनीचे २००० सालचे 'ऑल-इन-वंडर रेडियन'. योगायोग असा की दोन्ही कंपन्या कॅनडाच्या.

दोघांची रीत मात्र भिन्न होती. मार्व्हलवर चित्रे दाबून लहान करण्यासाठी स्वतंत्र चिप होती. ती प्रत्येक चित्र सुटे घेई व सुटेच जपे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे, तर ती पंचवीसही आपापल्या पायांवर उभी. त्यामुळे जागा फार लागे. चांगल्या दर्जाची एक तासाची नोंद म्हणजे दहा गिगाबाइटच्या आसपास, आणि आमची हार्ड डिस्क वीस गिगाबाइटची! ऑल-इन-वंडर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरच्या बळावर थेट एमपेग पद्धतीने नोंद करू शके. एमपेगमध्ये काही चित्रे पूर्ण ठेवतात आणि मधल्या चित्रांचे केवळ शेजारच्या चित्रांपासूनचे फरक लिहितात. बोलणारा माणूस स्थिर बसलेला असेल, तर हा हिशेब छान जमतो. शिवाय हे कार्ड नवे, खेळांसाठी अधिक वेगवान. त्यामुळे तरुण मंडळाचा कौल आधीच ठरलेला होता.

तीन आठवडे आमचा खल चालला. मी वहीत दोन रकाने आखले, मासिके चाळली, दुकानदारांना प्रश्न विचारून भंडावून सोडले. प्रमुख धर्मगुरू वयोवृद्ध होते. त्यांना यातले काही कळत नसे. एकदा जेवताना त्यांनी एवढेच विचारले, "टेपेतलं सगळं येतं ना रे त्यात?" मी म्हणालो, "हो फादर, सगळं येतं." त्या प्रश्नावर मी क्षणभरही थांबलो नाही.

आम्ही ऑल-इन-वंडर घेतले. निवड चुकीची नव्हती. कार्डाने आपले काम चोख केले. चूक त्यानंतर झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती.

नोंदीला आरंभ करण्यापूर्वी पडद्यावर दर्जाची एक यादी आली. त्यात 'व्हिडिओ सीडी' असा एक पर्याय होता. एक तासाची टेप एका सीडीत मावते आणि घरोघरच्या प्लेअरवर लावता येते, एवढे मला पुरेसे वाटले. मी त्यावर टिचकी मारली. त्याहून सूक्ष्म नोंद करण्याचे पर्यायही त्याच यादीत होते. कार्डासाठी तीन आठवडे घालवणाऱ्या मी या निर्णयासाठी दहा सेकंदही दिले नाहीत.

व्हिडिओ सीडी म्हणजे काय, हे मी पुढे समजून घेतले. पालच्या चित्रात ५७६ दृश्य ओळी असतात. व्हिडिओ सीडीत २८८ च राहतात. म्हणजे निम्म्या ओळी आरंभीच गळतात. वर चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिटांचे बांधलेले माप. मिरवणुकीसारख्या दृश्यात सगळेच हलत असते: माणसे, पताका, कॅमेरा धरणाऱ्याचा हातही. फरक इतके होतात की ते त्या मापात मावत नाहीत आणि चित्राचे चौकोन पडतात.

एकोणीस टेपांच्या सीडी झाल्या. त्यानंतर मी दुसरी गोष्ट केली. "आता ही बुरशी कशाला सांभाळायची?" असे म्हणून कपाट रिकामे करवले आणि टेपा कचऱ्यात गेल्या. त्या जागी सीडींचा नेटका खण झाला. सर्वांनी कौतुक केले, आणि बदली झाल्यावर एक संच मी सोबत आणला.

तर त्या दिवशी मी तबकडी लावली. सुदैवाने ती चालली. मिरवणूक आली, मागोमाग बँड आला. "थांबा," आई म्हणाली, "हे बघ, डावीकडून दुसरे." मुलगा पडद्याजवळ सरकला. मी चित्र थांबवले. चेहऱ्याच्या जागी मातकट रंगाचे चार-पाच चौकोन होते. पुढे केले, मागे केले. बारा सेकंदांत एकदाही त्या चौकोनांना डोळे फुटले नाहीत.

"चालू करा, थांबवू नका," आई म्हणाली. चित्र चालू झाले तशी ती हलकेच हसली. "हेच ते. उजवा खांदा असा पाडून चालायचे." चेहरा गेला होता, पण सेकंदाची पंचवीस चित्रे शाबूत होती; चाल टिकली होती. तिला तेवढे पुरले, कारण चेहरा तिच्या मनात होताच. मुलाजवळ तो नव्हता.

त्याने शांतपणे विचारले, "फादर, मूळ टेप कुठे आहे?"

"मी टाकून दिली," मी म्हणालो. दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते.

मूळ टेप असती, तरी व्हीएचएसच्या चित्राला मर्यादा होत्याच. चेहरा लख्ख दिसला असता, असे मी म्हणत नाही. परंतु जे काही होते त्यातले निम्मे मी माझ्या हाताने पुसले, आणि पुन्हा पाहण्याची वाटही बंद केली. जे निर्णय मोठे दिसतात, त्यांच्यापुढे आपण वही घेऊन बसतो. जे खरोखर मोठे असतात, ते पुष्कळदा एका टिचकीएवढे होऊन येतात आणि आपण 'पुढे' म्हणून मोकळे होतो. त्या वृद्ध धर्मगुरूंचा प्रश्न माझ्या दोन्ही रकान्यांहून शहाणा होता.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अजून लग्नाच्या, गुरुदीक्षेच्या टेपा असतील. आता तशी कार्डे लागत नाहीत. यूएसबीला जोडायचे छोटे उपकरण पुरते. अडचण चालू स्थितीतल्या व्हीसीआरची आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबवले, आणि आता नवा व्हीसीआर मिळत नाही. तेव्हा विलंब करू नका. नोंद ५७६ ओळींचीच घ्या, तिच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा, पूर्ण पाहून खात्री करा. आणि काम उत्तम झाले, तरी टेप टाकू नका. कोणाला तिच्यात काय शोधायचे आहे, हे आज आपल्याला ठाऊक नसते.

जाताना त्या तरुणाने ती बारा सेकंदे पेनड्राइव्हवर मागून घेतली. मी ती काढून दिली. फाटकाकडे जाणाऱ्या त्या दोघांकडे मी खिडकीतून पाहत राहिलो. आई काहीतरी सांगत होती आणि आपला उजवा खांदा पाडून त्याला दाखवत होती.